हीटर निर्दोष आहे

आमच्या गाडीच्या हीटरमधून धुराचा वास येतो, ही गोष्ट मला सोडून सगळ्यांना आधी कळली. मी तो वास गाडीचा स्वभाव समजत होतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला थोडा खोकला, थोडी कुरकुर असायचीच, तसा पन्नाशी उलटलेल्या गाडीला थोडा वास असायचाच, असं माझं प्रामाणिक मत होतं. उलट जुन्या गाडीला नव्या गाडीचा वास यायला लागला असता तर मला जास्त काळजी वाटली असती.

बायकोचं मत वेगळं पडलं. ती मोठ्या इस्पितळात मेट्रन. तिच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा आवाज खाली करून बोलतात, तिथे माझी काय कथा? त्या दिवशी मी तिला ड्यूटीवरून घरी आणत होतो. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून मी थाटात हीटर लावला. दुसऱ्या चौकात ती म्हणाली, "डोकं दुखतंय." मी म्हणालो, "दिवसभराचा शीण असेल." चौथ्या चौकात ती म्हणाली, "गाडी थांबवा." मी थांबवली. ती उतरली आणि तिने दार अगदी हळू लावलं. आमच्या घरात दार आपटलं तर काळजीचं कारण नसतं. हळू लागलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

मग ती खिडकीतून वाकून म्हणाली, "हा सायलेन्सरचा धूर आहे आणि तो तुमच्या तिच्या हीटरमधून येतोय. गाडीत असा धूर कोंडला की माणसाला आधी गुंगी येते, मग झोप लागते. अशी झोपलेली माणसं मी स्ट्रेचरवरून येताना पाहिलीत. काही उठली, काही नाही उठली."

'तुमची ती' म्हणजे गाडी. गाडी घरात आली त्या दिवसापासून बायकोने तिला दुसरं नाव दिलेलं नाही.

उरलेला रस्ता ती चालत गेली. मी सगळ्या काचा खाली करून, हीटर बंद करून, पहिल्या गिअरमध्ये तिच्या शेजारून गाडी हाकत होतो आणि "अगं, बस ना, अगं, लोक बघतायत," म्हणत होतो. लोक खरंच बघत होते. एका सज्जन गृहस्थाने थांबून तिला विचारलं, "ताई, हा माणूस त्रास देतोय का?"

"बत्तीस वर्षं," बायको म्हणाली आणि चालत राहिली.

आता इथे नुसत्या डोकेदुखीचा प्रश्न असता तर मी तो थंड डोक्याने, म्हणजे पुढच्या वर्षी, सोडवला असता. पण महिनाअखेर बायको निवृत्त होत होती. चौतीस वर्षं ती पहाटे साडेपाचला उठून बसच्या दांड्याला लटकत कामावर गेली. शेवटच्या दिवशी मी गाडी घेऊन थेट मोठ्या फाटकाशी येईन, काचा बंद, हीटर चालू, अशी तिला राणीसारखी घरी आणीन, असं मी कधीतरी उत्साहाच्या भरात कबूल केलं होतं. मी विसरलोही होतो. तिने मात्र ते साऱ्या इस्पितळाला सांगून ठेवलं होतं, स्वैपाकघरापासून शस्त्रक्रिया विभागापर्यंत.

"एकतीस तारखेपर्यंत वास गेला तर मी तुमच्या तीत बसेन," घरी आल्यावर तिने जाहीर केलं. "नाही गेला तर टॅक्सीने येईन. आणि मग ती दादाकडे जाईल."

दादा म्हणजे तिचा भाऊ. त्याचं हायवेवर हॉटेल आहे. माझी गाडी हॉटेलच्या दारात कायमची उभी करायची, इंजिन काढून टाकायचं आणि बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची, असं त्याच्या मनात तीन वर्षांपासून आहे. बहिणीचा निर्णय त्याला कोणी कळवला कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "भावोजी, बॉनेटची आतली लांबी किती असेल हो? कुंड्या बघायला आलोय." मी फोन ठेवून दिला. माणसाच्या आयुष्यात अपमान येतात, पण इतक्या सकाळी येऊ नयेत.

हातात पंचवीस दिवस होते. मी गाडी घेऊन मेकॅनिककडे गेलो. या मेकॅनिकला सगळे 'सबुरी' म्हणतात, कारण काहीही सांगितलं तरी तो आधी "सबुरीने घ्या" एवढंच म्हणतो. ब्रेक लागत नाहीत असं सांगितलं तरी सबुरीने. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, "हीटर निर्दोष आहे."

"पण वास हीटर लावल्यावरच येतो."

"साहेब, या हीटरमध्ये काय असतं? इंजिनातलं गरम पाणी एका जाळीतून फिरतं आणि मागून पंखा हवा मारतो. बस. धूर त्याच्यापाशी नाहीच. समोर जी हवा येईल ती तो आत ढकलतो. मग धूर त्याच्या समोर आणतो कोण, ते शोधायला पाहिजे. सबुरीने घ्या."

सबुरीने घेण्यात आठ दिवस गेले. आधी त्याने इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळकांड्याचं पॅकिंग बदललं. मी बायकोला एक फेरी मारून आणली. गल्लीच्या टोकाशीच तिने हात वर केला. गाडी परत सबुरीकडे. तो म्हणाला, "मग धूर दुसरीकडून निसटतोय. आता पावडर लावून बघा. नळीच्या सांध्यांवर बारीक पावडर भुरभुरायची आणि इंजिन चालू करायचं. जिथून पावडर उडेल तिथे भोक. हे घरीच होईल, माझ्याकडे यायला नको."

घरीच होईल, या दोन शब्दांनी जगात जितके संसार मोडले असतील तितके दुसऱ्या कशाने मोडले नसतील.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सर राहतात. विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण विज्ञान निवृत्त झालं नाही. मी पावडरचा डबा घेऊन खाली उतरलो, तर ते जिन्यातच भेटले. प्रयोग आहे म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "निरीक्षक म्हणून मी आत बसतो," ते म्हणाले. "तुम्ही बॉनेटकडे बघा, मी हीटरच्या झडपेकडे बघतो. काचा उघड्या ठेवू, धोका नको." मी बायकोची नवीकोरी पावडर उदार मनाने सगळ्या सांध्यांवर भुरभुरली. सबुरी चिमूटभर म्हणाला होता, पण कामात चिकटपणा नको असं माझं मत. इंजिन चालू केलं. सरांनी आतून आज्ञा केली, "पंखा पूर्ण वेगात!" मी पंखा पूर्ण वेगात लावला.

पुढे जे झालं ते क्षणात झालं. बॉनेटखालून पांढरा ढग उठला, आत शिरला आणि हीटरच्या दोन्ही झडपांतून सरांच्या तोंडावर आला. सर पायापासून डोक्यापर्यंत पांढरे झाले. फक्त चष्म्यामागचे डोळे तेवढे मूळ रंगात राहिले. ते दार उघडून उतरले, दोनदा शिंकले आणि त्याच गंभीर आवाजात म्हणाले, "यावरून सिद्ध होतं की इंजिनाच्या खोलीतली हवा बसायच्या जागेत येते." वरच्या गॅलरीतून त्यांच्या सौभाग्यवतींनी खाली बघितलं आणि "अहो, काय झालं हो तुम्हाला!" असा टाहो फोडला. इमारतीतली निम्मी माणसं खाली आली. सरांना लिंबूपाणी दिलं गेलं. मला कोणी काही दिलं नाही.

संध्याकाळी बायकोने पावडरचा रिकामा डबा हलवून बघितला, उलटा करून बघितला आणि शांतपणे जागेवर ठेवला. मी म्हटलं, "शास्त्रासाठी गेली." ती म्हणाली, "गाडीला छान वास येईल आता." बोलली एवढंच, पण कुठे लागायचं तिथे लागलं.

पण प्रयोग फुकट गेला नाही. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्यात भोकं आहेत, एवढं नक्की झालं. दुसऱ्या दिवशी सर डॅशबोर्डखाली उताणे झोपले आणि मी बॉनेटमधून टॉर्च मारत बसलो. जिथून त्यांना उजेड दिसेल तिथे ते खडूने खूण करत. सात भोकं सापडली. कुठल्या कुठल्या वायरी काढून नेल्यावर राहिलेली, पन्नास वर्षांत कोणी बुजवली नव्हती. सातवी खूण करून झाल्यावर सरांना बाहेर येता येईना. गुडघा एकीकडे, खांदा दुसरीकडे, मान ब्रेकच्या पेडलखाली. मी ओढलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ओढलं. शेवटी सबुरीला फोन केला. तो म्हणाला, "सबुरीने घ्या." सर आतून म्हणाले, "त्याला सांगा, मी सबुरीनेच घेतोय!" अर्ध्या तासाने सीट काढली तेव्हा सर निघाले. सात भोकं रबराच्या बुचांनी बंद झाली आणि मी निःश्वास सोडला.

आता पुरावा हवा होता, आणि पुराव्यासाठी नाक हवं होतं. बायको रोज रोज फेऱ्या मारायला रिकामी नव्हती, आणि माझं नाक पक्षपाती आहे असं तिचं म्हणणं. म्हणून मी तळमजल्यावरच्या काकूंना विनंती केली. या काकूंचं नाक म्हणजे इमारतीतली एक संस्था आहे. कोणाचं दूध उतू गेलं, कोणाच्या घरी गॅस गळतोय, कोणी चोरून सिगारेट ओढली, हे त्या दार न उघडता सांगतात. काकू शाल पांघरून आल्या आणि मागचं दार उघडायला लागल्या.

"काकू, मागे नको," मी घाईने म्हणालो. "पुढे बसा, पुढे. हीटर पुढे आहे ना."

खरं कारण वेगळं होतं. मागची सीट मी गेल्याच वर्षी नवी करून घेतली होती आणि तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं. एकदा माणसं बसायला लागली की सीटची काय शान राहते? म्हणून मागे बसायचं नाही, असा आमच्या गाडीत अलिखित नियम होता. चार माणसांची गाडी, पण बसायला दोघंच.

काकू पुढे बसल्या. थंडी म्हणून काचा घट्ट बंद. मी हीटर लावला आणि आम्ही बाजारापर्यंत जाऊन आलो. लेकीने परगावाहून विषारी वायू मोजायचं एक छोटं यंत्र पाठवलं होतं, तेही मी डॅशबोर्डवर ठेवलं होतं. यंत्राने शून्य दाखवलं. काकूंनी डोळे मिटून, मान जरा वर करून चार लांब श्वास घेतले. मी निकालाची वाट बघत राहिलो.

"वास नाही," काकू म्हणाल्या. "तुमच्या कोटाला मात्र डांबरगोळ्यांचा येतोय."

मला गाडीतच नाचावंसं वाटलं. त्याच संध्याकाळी मी बायकोला घेऊन त्याच रस्त्याने गेलो. बाजार यायच्या आत यंत्र बोंबलायला लागलं आणि बायकोने हात वर केला.

म्हणजे काकू बसल्या की वास नाही आणि बायको बसली की वास! हा काय प्रकार? सबुरीला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, गाडी तीच, रस्ता तोच, माणूस फक्त बदललं. मी यापुढे बोलत नाही." त्याने अक्कल वापरली. मी वापरली नाही. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "मला वाटतं, तो फक्त तुलाच येतो." त्यानंतर दोन दिवस आमच्या घरातली सगळी दारं अत्यंत हळू लागत होती.

मी मग सरकारदरबारी न्याय मागायचं ठरवलं. गावाबाहेर धूर तपासणी केंद्र आहे. तिथल्या माणसाने यंत्राची नळी मागच्या सायलेन्सरमध्ये घातली, आकडे बघितले आणि म्हणाला, "उत्तम. धूर प्रमाणात आहे. हे घ्या प्रमाणपत्र."

"अहो, मागच्या धुराची तक्रारच नाही. धूर आत येतोय."

"आत येतोय?" त्याने विचार केला. "मग बाहेर कमी जातोय. चांगलंच आहे की."

मी त्याला हात जोडून म्हणालो, "तुमची ही नळी जरा गाडीच्या आत धरता का? दोन मिनिटं."

"नळी सायलेन्सरमध्ये घालायची असा नियम आहे. समजा आत धरली आणि धूर निघाला, तर तो मी लिहायचा कुठे? फॉर्मला रकानाच नाही."

"शेऱ्यात लिहा."

"शेरा वरचे साहेब लिहितात."

"वरचे साहेब कुठे असतात?"

"ते इथे नसतात."

मी जोडलेले हात खाली घेतले. कारण मी स्वतः एकतीस वर्षं नगरपालिकेच्या अभिलेख विभागात बसून लोकांना हीच तीन वाक्यं, याच क्रमाने ऐकवत आलो होतो. समोरच्या माणसाला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. वाईट वाटतं. मी प्रमाणपत्र घेऊन घरी आलो. त्यावर गाडी धुराच्या दृष्टीने निर्दोष आहे असं शिक्क्यासह लिहिलं होतं. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "फ्रेम करून हीटरवर लावा."

एकोणतीस तारीख उजाडली. मेहुण्याचा फोन आला, कुंड्या पोचल्या होत्या. मी दिवसभर गाडीत नुसता बसून राहिलो. स्टेअरिंगवर हात ठेवला की मला आपलं उगाच भरून येत होतं. गाडीचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त टोचत होतं ते दुसरंच. एकतीस तारखेला मोठ्या फाटकाशी सगळा स्टाफ उभा असेल आणि ही सगळ्यांसमोर टॅक्सीला हात करेल, हे चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

तेवढ्यात काकू तरातरा आल्या. माझ्या मूर्खपणाची हकीगत त्यांच्या कानावर गेली होती. "माझ्या नाकाला वास आला नाही आणि तिच्या नाकाला आला, म्हणजे माझं नाक गेलं का?" त्या कडाडल्या. "बोलवा तिला. दोघी एकदम बसतो. होऊन जाऊ दे निकाल."

बायको त्या दिवशी लवकर घरी आली होती. तीही इरेला पेटली होती. "बसते. मलाही बघायचंय," म्हणाली आणि सरळ पुढे जाऊन बसली. ती पुढे बसल्यावर काकूंना जागा राहिली ती मागचीच. माझा जीव खालीवर झाला, पण त्या दोघींच्या समोर सीटच्या प्लास्टिकचं नाव काढायची हिंमत माझ्यात नव्हती. काकू करकर आवाज करत मागे बसल्या. हे ऐकून सरही धावत आले आणि काकूंच्या शेजारी बसले. मी हीटर लावला. निघालो.

गल्ली संपायच्या आत मागून काकूंचा आवाज आला. "अगंबाई! इथे तर धुराची भट्टी आहे!"

मी गाडी बाजूला घेतली. सगळे खाली उतरले. काकूंनी मागे बोट दाखवलं. "हीटर बिटर काही नाही. वास मागून येतोय. डिकीतून."

सबुरीला तिथेच बोलावलं. त्याने डिकी उघडली, झाकणाच्या कडेने बोट फिरवलं, खाली आलं तसं थांबवलं आणि मला विचारलं, "साहेब, हे डिकीचं रबर कुठून आणलंत?"

मी इकडे तिकडे बघितलं. मग म्हणालो, "जुन्या फ्रिजच्या दाराचं आहे. तंतोतंत तसंच दिसत होतं. थोडं कमी पडलं."

"किती कमी?"

"चार बोटं. मग म्हटलं, तो तुकडा खाली ठेवू. खाली कोण बघतंय."

सबुरीने जिथे रबर नव्हतं त्या फटीकडे बोट दाखवलं आणि मग त्याच्या सरळ खाली असलेल्या सायलेन्सरच्या तोंडाकडे. महिनाभर मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो, आणि चोर माझ्याच हातचा होता.

"पण मग त्या दिवशी मला पुढे वास का आला नाही?" काकूंनी मुद्द्याचा प्रश्न विचारला.

सर पुढे सरसावले. "साधं आहे. त्या दिवशी काचा बंद होत्या. आज वहिनींनी पुढच्या दारातली ती छोटी तिकोनी काच दोन बोटं उघडली, मी बघितलं. गाडी धावताना त्या फटीतून आतली हवा बाहेर ओढली जाते. मग तिची भरपाई कुठून तरी होणार. ती डिकीच्या फटीतून होते, धुरासकट! म्हणजे जोपर्यंत वहिनी…" आणि इथे सरांना आपण काय बोलतोय ते कळलं. ते थांबले आणि पावडर उडाली होती तेव्हापेक्षा पांढरे पडले.

सगळे बायकोकडे बघायला लागले. हीटरच्या गरम हवेने तिला गुदमरतं, म्हणून हीटर लागला की ती तिकोनी काच उघडते. धूर आला की जास्त उघडते. धूर जास्त आला की आणखी उघडते. हे मी प्रत्येक फेरीला बघत होतो आणि 'वा, किती काळजी घेते' असं मनात म्हणत होतो.

"म्हणजे मी?" बायको म्हणाली.

"नाही नाही," मी म्हणालो. "रबर माझं. काच फक्त तुझी. आपलं दोघांचं मिळून आहे."

ती माझ्याकडे बघून हसायलाच लागली. रस्त्याच्या कडेला, गाडीच्या बॉनेटला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. काकू हसल्या, सर हसले. सबुरी एकटा म्हणाला, "फ्रिज चांगला होता का हो?"

दुसऱ्या दिवशी खरं रबर बसलं, एका तासात. सबुरीने सायलेन्सरची नळीही चार बोटं लांब केली, म्हणजे तोंड बंपरच्या बाहेर आलं. मी मागच्या सीटवरचं प्लास्टिक स्वतःच्या हाताने फाडलं. काकूंनी चारही सीटवर आळीपाळीने बसून वास घेतला आणि शेवटी म्हणाल्या, "शुद्ध." यंत्रही शून्य म्हणालं. सरांनी काच उघडून आणि बंद करून दोन्ही प्रकारे तपासलं.

एकतीस तारखेला दुपारी चार वाजता मी मोठ्या फाटकाशी पोचलो. गाडी अशी चकाकत होती की बंपरमध्ये तोंड बघून भांग पाडावा. सगळा स्टाफ बाहेर आला होता. डॉक्टर, नर्सेस, लिफ्टमन, धुलाईखात्यातल्या बायका. बायको फुलांचे गुच्छ सांभाळत आली. मी उतरून तिच्यासाठी दार उघडलं. माझ्या बत्तीस वर्षांच्या संसारात इतक्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिने बसल्यावर तिकोनी काचेकडे हात नेला, थांबली आणि ती स्वतःच घट्ट लावून घेतली. मला जे वाटलं ते मी सांगणार नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं एवढं लिहा.

आम्ही निघालो. हीटरची ऊब सुटली. ती म्हणाली, "वास नाही हो." मी म्हटलं, "नाही ना?" ती म्हणाली, "अगदी नाही." मग मी रबराविषयी बोललो, सबुरीविषयी बोललो, हीटरच्या निर्दोषपणावर थोडं बोललो. तिसऱ्या चौकात मी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. वळून बघतो तर तिची मान एका बाजूला कललेली, तोंड जरा उघडं, हात सुटून फुलांवर पडलेला.

"अगं!" मी ओरडलो. उत्तर नाही. हलवली. मान दुसऱ्या बाजूला गेली. आधी गुंगी, मग झोप, हे तिनेच तर सांगितलं होतं! यंत्राकडे बघितलं, तर शून्य. शून्य! म्हणजे यंत्रही मेलं! मी चारही काचा खाली केल्या, चौकात गाडी जागच्या जागी वळवली, हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, आणि जीव मुठीत धरून आलो त्या रस्त्याने परत सुटलो.

मोठ्या फाटकाशी स्टाफ अजून गप्पा मारत उभा होता. ज्या मेट्रनबाईंना त्यांनी पंधरा मिनिटांपूर्वी निरोप दिला, त्याच परत आल्या, तेही थेट तातडीच्या विभागाच्या दारात. "धूर! हीटर! झोपली!" मला एवढंच बोलता आलं. स्ट्रेचर आलं. चार जणांनी तिला गुच्छांसकट उचलून त्यावर ठेवलं आणि पळायला लागले. मी मागून पळत होतो आणि स्वतःला, फ्रिजला, सबुरीला शिव्या घालत होतो.

स्ट्रेचर दारातून आत शिरलं आणि बायकोने डोळे उघडले. तिने वर बघितलं, छत ओळखीचं वाटलं असावं. ताडकन उठून बसली आणि ड्यूटीच्या आवाजात म्हणाली, "पेशंट कोण आहे?"

"तुम्हीच, मॅडम," वॉर्डमधला एक जण घाबरत म्हणाला.

तरुण डॉक्टर धावत आला. त्याने नाडी बघितली, डोळे बघितले, श्वास ऐकला, रक्त काढून तपासायला पाठवलं. थोड्या वेळाने कागद आला. डॉक्टरने तो वाचला, ओठ दाबले आणि मला म्हणाला, "काका, विषबाधा वगैरे काही नाही. यांना नुसती झोप लागली होती."

मी बायकोकडे बघितलं. आता सगळ्या इस्पितळासमोर माझी काय गत होणार, या विचाराने मी भिंतीला टेकलो. पण ती रागावली नाही. तिने माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "चौतीस वर्षं साडेपाचला उठतेय. बसमध्ये कधी धड बसायला मिळालं नाही. आज पाय लांब केले, ऊब होती, वास नव्हता, आणि उद्या गजर नाही. लागला डोळा. त्यात माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं," मी म्हणालो.

सगळा स्टाफ पुन्हा फाटकापर्यंत पोचवायला आला. दुसऱ्यांदा टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा जोरात. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आता घरी नका नेऊ लगेच. नुसती फिरवा. मी झोपते." आणि दुसऱ्या चौकाच्या आतच झोपली.

मी गावाबाहेरचा मोठा रस्ता धरला. ऊन उतरत होतं, इंजिन कसं घड्याळासारखं चालत होतं. तरी प्रत्येक सिग्नलला मी गुपचूप हात पुढे करून तिच्या नाकासमोर धरत होतो. पहिल्या सिग्नलला श्वास लागला. दुसऱ्या सिग्नलला लागला. तिसऱ्याला मी हात नेला, तर डोळे न उघडताच ती म्हणाली, "जिवंत आहे. पुढे बघा."

मी पुढे बघितलं, आणि घराकडचं वळण आलं तरी न वळता सरळ गेलो.